मधल्या रांगेतली मेल्बा

डिसेंबर १९५८. नाताळ अगदी तोंडावर आलेला. न्यूयॉर्कच्या एका स्टुडिओत ट्रॉम्बोन वाजवणारे नामांकित वादक जमत होते. काउंट बेसीच्या वाद्यवृंदातले बेनी पॉवेल आणि अल ग्रे होते, जिमी क्लीव्हलंड, बेनी ग्रीन आणि फ्रँक रेहॅक होते. एरवी ज्यांच्या आवाजाखाली ट्रॉम्बोन दबून जातो, ते ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन मात्र या वेळी बोलावलेच नव्हते. साथीला पियानो, गिटार, बास आणि ड्रम एवढंच. तबकडी निघणार होती मेल्बा लिस्टन या ३२ वर्षांच्या बाईच्या नावानं, आणि ती स्वतः याच मंडळींत ट्रॉम्बोन घेऊन बसली होती.

'मेल्बा लिस्टन अँड हर बोन्स' हे त्या तबकडीचं नाव. 'बोन' म्हणजे जाझवादकांच्या बोलीत ट्रॉम्बोन. मेट्रोजाझ कंपनीनं ती बाजारात आणली. त्याआधीच्या पंधरा वर्षांत मेल्बा मोठमोठ्या बँडमधून वाजवत आली होती आणि त्यानंतर चाळीस वर्षं ती जगली, पण नेतृत्व करणारी वादक म्हणून तिच्या नावावर एवढी एकच तबकडी आहे. ती आजही सापडते, ऐकता येते. ऐकण्याआधी मात्र ट्रॉम्बोन हे वाद्य आणि बिग बँडमधली त्याची जागा समजून घेतली, तर तिचं मोल जास्त कळतं.

बिग बँड म्हणजे साधारण सोळा-सतरा वादकांचा जाझ वाद्यवृंद. पुढच्या रांगेत पाच सॅक्सोफोन, त्यांच्यामागे तीन किंवा चार ट्रॉम्बोन, सगळ्यात मागे चार ट्रम्पेट, आणि एका बाजूला पियानो, गिटार, बास, ड्रम. १९३५ ते १९४५ या दहा वर्षांत अमेरिकेतलं लोकप्रिय संगीत ते हेच. लोक त्यावर नाचत, रेडिओवर ऐकत, बँडप्रमुखांची नावं सिनेनटांसारखी सर्वांच्या तोंडी असत. या बैठकीत पुढचे सॅक्सोफोन डोळ्यांत भरतात, मागचे ट्रम्पेट उंच स्वरांमुळे कानांत भरतात. मधल्या रांगेतल्या ट्रॉम्बोनकडे मुख्य सुरावट क्वचितच येते. त्या सुरावटीखाली जी सुरांची भरीव बैठक लागते, ती घालण्याचं काम त्यांच्याकडे असतं. ती बैठक काढून घेतली तर वरचे सगळे स्वर पोरके वाटतील.

ट्रॉम्बोन आपल्याकडे पाहिलेला नाही असा माणूस विरळा. लग्नाच्या वरातीत ब्रास बँड जातो तेव्हा एक वादक पितळी नळी पुढे-मागे सरकवत चाललेला असतो, तोच ट्रॉम्बोन. ट्रम्पेटला तीन कळा असतात, त्या दाबून स्वर बदलतात. साध्या ट्रॉम्बोनला एकही कळ नाही. त्याची नळी उलगडली तर सुमारे नऊ फूट भरेल, आणि तिचा एक भाग हातानं सरकवून ती आणखी लांब करता येते. या सरकत्या नळीच्या सात जागा असतात. पहिल्या जागेला हात छातीजवळ असतो, सातव्या जागेला तो पूर्ण लांबलेला असतो. एकेक जागा पुढे गेलं की सूर अर्ध्या स्वरानं उतरतो. एकाच जागेवर ओठांचा ताण आणि फुंकर बदलून खालचे-वरचे अनेक स्वर काढता येतात.

या सात जागांवर कुठेही खूण कोरलेली नसते. पेटीवर बोट ठेवलं की स्वर ठरलेला असतो. सारंगीवर तसं नसतं, तिथे कानच बोटाला जागा दाखवतो. ट्रॉम्बोन या बाबतीत सारंगीच्या घरातला. म्हणूनच पाश्चात्त्य वाद्यांत मींड इतकी सहज घेणारी वाद्यं मोजकीच आहेत आणि ट्रॉम्बोन त्यांतलं एक. गंमत अशी, की या वाद्यावर मींड घेणं सोपं आणि ती टाळणं अवघड. नळी सरकते आहे आणि फुंकर चालूच आहे, तर मधला सगळा प्रवास ऐकू येणारच. सुटे, स्वच्छ स्वर हवे असतील तर प्रत्येक स्वर जिभेनं वेगळा तोडावा लागतो, आणि तेही हात नेमका जागेवर पोचण्याच्या क्षणी. त्याचा आवाज पुरुषाच्या गळ्याच्या पट्टीत बसणारा, त्यामुळे चार ट्रॉम्बोन एकत्र वाजले की चार माणसं ओठ मिटून गात असल्याचा भास होतो.

जाझनं या वाद्याचे सगळे स्वभाव वापरले. न्यू ऑर्लिन्समध्ये जुन्या काळी बँड घोडागाडीतून फिरत. ट्रॉम्बोनवाला मागच्या फळीपाशी बसे, म्हणजे नळी कुणाच्या पाठीत न लागता बाहेर सरकवता येई. त्या फळीवरून लांब मींडेच्या त्या वादनशैलीला 'टेलगेट' हे नाव पडलं. ड्यूक एलिंग्टनच्या बँडमधल्या 'ट्रिकी सॅम' नँटननं तुंबलेलं बेसिन मोकळं करण्याचा रबरी पंपा वाद्याच्या तोंडाशी धरून ट्रॉम्बोनला बोलायला, कुरकुरायला, रडायला लावलं. टॉमी डॉर्सीनं उलट वाट धरली. एका श्वासात न तुटणारी, लोण्यासारखी मऊ सुरावट ही त्याची ओळख. फ्रँक सिनात्रा उमेदीच्या काळात त्याच्या बँडमध्ये गायचा. गाण्याची ओळ श्वासात कशी बांधायची हे आपण डॉर्सीला पाहून शिकलो, असं त्यानं पुढे सांगितलं. चाळिशीच्या दशकात बीबॉप हा वेगवान जाझ आला, आणि या वाद्याचा आता निभाव लागणार नाही असं वाटत असतानाच जे. जे. जॉन्सननं ते इतक्या स्वच्छ वेगात वाजवलं की ऐकणाऱ्यांना हा कळांचा ट्रॉम्बोन असावा अशी शंका यायची.

मेल्बाची गोष्ट या परंपरेच्या मधोमध सुरू होते. १३ जानेवारी १९२६ रोजी कॅन्सस सिटीत एका कृष्णवर्णीय कुटुंबात तिचा जन्म झाला. सात वर्षांची असताना तिनं ट्रॉम्बोन पाहिला आणि हेच हवं म्हणून हट्ट धरला. ते मंदीचं वर्ष होतं, पण आईनं तो घेऊन दिला. त्या वयाच्या मुलीचा हात लांबच्या जागांपर्यंत नीट पोचत नाही, त्यामुळे सुरुवातीची तिची सगळी भिस्त कानावर होती. आठव्या वर्षी तिनं स्थानिक रेडिओवर एकटीनं वाजवून दाखवलं.

१९३७ मध्ये कुटुंब लॉस एंजेलिसला आलं. तिथे अल्मा हायटॉवर या शिक्षिकेनं गल्लीतल्या मुलामुलींचा बँड चालवला होता, त्यात मेल्बा तयार झाली. सोळाव्या वर्षी ती लिंकन थिएटरच्या बँडमध्ये नोकरीला लागली आणि त्याच सुमारास वाद्यवृंदासाठी लिहूही लागली. १९४३ मध्ये ट्रम्पेटवादक जेरल्ड विल्सननं तिला आपल्या नव्या बिग बँडमध्ये घेतलं. ट्रॉम्बोनच्या खुर्चीबरोबर तिला तिथे कागद-पेन्सिलही मिळाली. विल्सनला स्वरसंयोजनात मदत करता करता ती या कामात मुरली.

हे काम म्हणजे काय, ते हिंदी चित्रपटसंगीताच्या श्रोत्यांना समजावून सांगायला नको. चाल संगीतकाराची असते, पण व्हायोलिननं कुठे यायचं, बासरीनं कुठे थांबायचं, ट्रम्पेटच्या खाली काय ठेवायचं, हे अरेंजर लिहितो. शंकर-जयकिशन आणि ओ. पी. नय्यर यांच्यासाठी सेबॅस्टियन डिसूझा या गोमंतकीय कलावंतानं हेच केलं. पुणतांब्याचे सी. रामचंद्र 'अलबेला'साठी (१९५१) अमेरिकी बँडची धून आणू शकले, ते चिक चॉकलेटसारख्या गोव्याच्या ट्रम्पेटवादकाच्या साथीमुळे. बिग बँडमध्ये तर अरेंजर हाच अर्धा रचनाकार. आणि अरेंजर होण्यासाठी मधल्या रांगेइतकी चांगली शाळा नाही. तिथे बसलेल्या वादकाला पुढचे सॅक्सोफोन आणि मागचे ट्रम्पेट दोन्ही सारखेच ऐकू येतात, आणि दोघांना जोडणारा स्वर त्याच्याच ओठांतून निघत असतो. मेल्बाचा सगळा कान या खुर्चीवर घडला.

पण खुर्ची टिकवणं सोपं नव्हतं. १९४८ मध्ये विल्सनचा बँड न्यूयॉर्ककडे असताना मोडला. ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पीनं तिला आपल्या बँडमध्ये घेतलं. त्या बँडमध्ये तेव्हा जॉन कोल्ट्रेन, जॉन लुईस आणि पॉल गोन्साल्व्हिस होते. पुढच्या वर्षी गायिका बिली हॉलिडेबरोबर ती दक्षिणेच्या दौऱ्यावर गेली. वर्णभेदाच्या कायद्यांचा तो मुलूख. श्रोते जमेनात, पैसे संपले, दौरा मध्येच कोसळला. बिग बँडचा जमानाही तोवर सरत आला होता. मेल्बा खचून लॉस एंजेलिसला परतली आणि तिनं चक्क शिक्षण मंडळाच्या कचेरीत कारकुनी धरली. अधूनमधून हॉलिवूडच्या चित्रपटांत किरकोळ भूमिका मिळत. १९५६ च्या 'द टेन कमांडमेंट्स'मध्ये ती दिसते. अमेरिकेतली एक पहिल्या दर्जाची स्वरसंयोजक काही वर्षं फायलींवर नोंदी करत होती, हे आज वाचताना फार लागतं.

तिला परत आणलं गिलेस्पीनंच. १९५६ मध्ये अमेरिकी परराष्ट्र खात्यानं त्याचा बँड परदेशी पाठवायचं ठरवलं. शीतयुद्धाच्या दिवसांत देशाचं चांगलं चित्र उभं करायला जाझ उपयोगी पडेल, असा तो हिशेब. क्विन्सी जोन्सनं बँड जमवला आणि गिलेस्पीनं कॅलिफोर्नियातून मेल्बाला बोलावून घेतलं. बँडमधल्या पुरुषांची कुरकुर झाली की ट्रॉम्बोनसाठी इतक्या लांबून एक बाई आणायची गरज काय. गिलेस्पीनं वाद घातला नाही. मेल्बानं लिहून आणलेले कागद वाटायला लावले आणि वाजवा म्हटलं. पहिल्या काही मात्रांतच बँड अडखळून पडला. कुरकुर तिथेच संपली. हा प्रसंग पुढे गिलेस्पीच्या आत्मचरित्रात आला.

तो दौरा इराणमधल्या आबादानपासून सुरू झाला. ढाका, कराची, बैरूत, दमास्कस, अंकारा, इस्तंबूल, झाग्रेब, अथेन्स अशी गावं त्यात होती, भारत नव्हता. जागोजागी बायका मेल्बाला गाठून विचारत की एकटी बाई पुरुषांच्या बँडमध्ये देशोदेशी कशी हिंडते. या बँडसाठी तिनं केलेली संयोजनं त्याच्या खास चिजा ठरली. फ्रेंच संगीतकार देब्युसीच्या सुरावटीवर बेतलेलं 'माय रेव्हरी' हे त्यांतलं एक, आणि त्यात तिचं स्वतःचं एकलवादनही होतं. जुलै १९५७ मध्ये न्यूपोर्टच्या महोत्सवात हा बँड वाजला त्याचं ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. तिथे ट्रॉम्बोनच्या रांगेत तिघं होती, मेल्बा, अल ग्रे आणि चक कॉनर्स. हाच कॉनर्स पुढे एलिंग्टनकडे गेला आणि १९६३ मध्ये त्या बँडबरोबर मुंबईत येऊन वाजवून गेला. त्या दौऱ्यातून निघालेल्या 'फार ईस्ट स्वीट'मध्ये 'अमाद' नावाचा भाग आहे. त्यात एलिंग्टनचा ट्रॉम्बोनवादक लॉरेन्स ब्राऊन मुअज्जिनाच्या हाकेसारखा सूर लावतो. मींड आणि श्वास या दोन गोष्टींत हे वाद्य काय करू शकतं, ते दोन-चार मिनिटांत कळायचं असेल तर 'अमाद' ऐकावं.

अशा अनुभवानंतर मेल्बा १९५८ च्या त्या स्टुडिओत आली होती. तबकडीत 'ब्लूज मेल्बा' आहे, 'ख्रिसमस इव्ह' आहे, ज्युडी गार्लंडमुळे घरोघर पोचलेलं 'द ट्रॉली साँग' आहे, टीव्हीवरच्या एका लोकप्रिय प्रश्नमंजूषेची धूनही आहे. चिजांची ही यादी पाहून कुणी हिला हलकंफुलकं मनोरंजन समजेल. खरी गोष्ट चिजांच्या आत आहे. एरवी चार ट्रॉम्बोन जी बैठक घालतात ती ट्रम्पेटच्या झळाळीखाली झाकलेली असते. इथे झाकण काढलेलं आहे. जवळजवळचे चार स्वर एकमेकांना खेटून चालतात, मध्येच एक जण खाली उतरतो तेव्हा बाकीच्यांचा रंग बदलतो, मग त्यांच्यातूनच एक वादक पुढे येऊन आपलं सांगतो आणि पुन्हा रांगेत मिसळतो. एकाच वाद्याचे इतके वेगळे गळे एका बैठकीत ऐकायला मिळणं दुर्मीळ. अल ग्रेचा पंपा लावलेला ठसकेबाज सूर, क्लीव्हलंडची चपळ जीभ, बेनी ग्रीनचा गोल, उबदार आवाज, आणि मेल्बाचं संथ, गाण्याच्या अंगानं जाणारं वादन. एकलवादनाची चढाओढ तिला कधीच प्रिय नव्हती. स्वतःच्या तबकडीतही ती इतरांना मोकळी जागा देते, आणि हा तिच्या संगीताचाच स्वभाव आहे.

एवढी चांगली तबकडी काढल्यावर दुसरी का निघाली नाही? ट्रम्पेट-सॅक्सोफोनच्या ताऱ्यांमागे धावणाऱ्या बाजारात ट्रॉम्बोनला मागणी कमी, त्यात वादक बाई, त्यातही कृष्णवर्णीय. शिवाय अरेंजरचं नाव तबकडीच्या पाठीमागे बारीक अक्षरांत छापलं जातं. तिचं काम मात्र थांबलं नाही. पियानोवादक रँडी वेस्टनशी तिची जोडी जमली ती चाळीस वर्षं टिकली. नोव्हेंबर १९६० मध्ये दोघांनी 'उहुरू आफ्रिका' ध्वनिमुद्रित केलं. आफ्रिकेतले देश एकामागून एक स्वतंत्र होत होते, त्यांच्या स्वागतासाठी चार भागांची ही रचना. उहुरू म्हणजे स्वाहिली भाषेत स्वातंत्र्य. शब्द कवी लँग्स्टन ह्यूजचे, संगीत वेस्टनचं, आणि आफ्रिकी तालवाद्यांसह त्या भल्यामोठ्या बँडचं सगळं संयोजन मेल्बाचं. दक्षिण आफ्रिकेच्या वर्णद्वेषी सरकारनं १९६४ मध्ये या तबकडीवर बंदी घातली. साठच्या दशकात मिल्ट जॅक्सन, जॉनी ग्रिफिन अशा कितीतरी कलावंतांच्या तबकड्यांमागे तिचीच पेन्सिल होती.

१९७३ मध्ये ती जमैकाला गेली आणि सहा वर्षं तिथल्या संगीत विद्यालयात शिकवत राहिली. १९७९ मध्ये कॅन्सस सिटीच्या महिला जाझ महोत्सवाच्या निमित्तानं परतली, स्वतःचा बँड उभा केला. १९८५ मध्ये पक्षाघाताचा झटका आला. अर्धं अंग लुळं पडलं, ट्रॉम्बोन कायमचा सुटला. १९८७ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कला निधीनं तिला जाझ मास्टर हा देशातला या क्षेत्रातला सर्वोच्च सन्मान दिला, तेव्हा ती वाजवू शकत नव्हती. पण ती संगणकावर लिहायला शिकली होती. चाकांच्या खुर्चीत बसून तिनं वेस्टनच्या १९९१ च्या 'द स्पिरिट्स ऑफ अवर अँसेस्टर्स'साठी आणि त्यानंतरच्या तबकड्यांसाठी पुन्हा बँड सजवले. २३ एप्रिल १९९९ रोजी लॉस एंजेलिसमध्ये तिचं निधन झालं.

ट्रॉम्बोनच्या रांगेला पुढे आणण्याचे प्रयोग नंतरही झाले. १९६७ मध्ये अर्बी ग्रीननं एकवीस ट्रॉम्बोनांची तबकडी काढली. १९५८ च्या त्या ध्वनिमुद्रणात सहभागी असलेल्या स्लाइड हॅम्प्टननं १९७९ मध्ये नऊ ट्रॉम्बोनांचा 'वर्ल्ड ऑफ ट्रॉम्बोन्स' हा वाद्यवृंद उभा केला. दोन्ही ऐकण्याजोगे आहेत. तरीही पहिली पायरी मेल्बाची तबकडी हीच असावी.

ऐकायची पद्धत सोपी आहे. आधी न्यूपोर्टमधला गिलेस्पीचा बँड लावावा आणि ट्रम्पेटच्या झोतातून मधली रांग कानानं शोधण्याचा प्रयत्न करावा. ती चटकन सापडणार नाही. मग लगेच 'ब्लूज मेल्बा' लावावं. आणि त्यानंतर पुन्हा न्यूपोर्ट. या दुसऱ्या वेळी त्या गदारोळात अल ग्रे आणि चक कॉनर्सच्या शेजारी बसलेली मेल्बा लिस्टन स्पष्ट ऐकू येते.